सत्तेचाळिसाव्या वर्षी पीएचडीची तयारी

अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्यांना पीएचडीच्या उंबरठ्यापर्यंत नेणारे काही खास कार्यक्रम आहेत. घरात आधी कोणी पदवीधर नाही, पैशांची चणचण आहे, संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात हे कधी जवळून पाहिलेलं नाही, अशा होतकरू विद्यार्थ्यांसाठी ते असतात. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांत प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन करायला मिळतं, पुढच्या प्रवेशाचे अर्ज करायला मदत मिळते आणि थोडं मानधनही मिळतं. यातला सर्वांत परिचित कार्यक्रम म्हणजे मॅकनेअर स्कॉलर्स.

रोनाल्ड मॅकनेअर हे साउथ कॅरोलायनातल्या लेक सिटी या छोट्या गावातले कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञ. १९७६ मध्ये त्यांनी एमआयटीतून पीएचडी केली, १९८४ मध्ये ते अवकाशात जाऊन आले आणि २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत गेले. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने त्यांच्या नावाने हा कार्यक्रम मंजूर केला. केंद्राचा शिक्षण विभाग त्यासाठी विद्यापीठांना अनुदान देतो. मूळ कायद्यातला नियम असा की किमान दोन तृतीयांश विद्यार्थी कमी उत्पन्नाचे आणि घरातले पहिले पदवीधर होऊ पाहणारे हवेत. उरलेले, पदव्युत्तर शिक्षणात ज्यांची संख्या कमी आहे अशा गटांतले असू शकतात.

वयाची अट यात कुठेच नाही. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कार्यक्रमांत वयावरून भेदभाव करायला तर १९७५ च्या कायद्याने बंदीच आहे. तरीही अशा कार्यक्रमांचं वेळापत्रक, मानधन आणि उन्हाळी सत्रं बघितली की लक्षात येतं, हे सगळं वीस वर्षांचा, बिनलग्नाचा, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं आहे. चाळिशी ओलांडलेला विद्यार्थी त्यात आला की त्याची ओढाताण सुरू होते, आणि ‘यांना वेळ देता येत नाही’ असं म्हणून खापर त्याच्यावरच फुटतं. माझं मत सरळ आहे. अशा विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रमाने सर्वांत आधी पैसा आणि वेळापत्रक यांत हात घालावा. समुपदेशन, प्रोत्साहन, प्रेरणादायी भाषणं हे सगळं त्यानंतर.

आधी पात्रतेचे गैरसमज

प्रौढ विद्यार्थी म्हणजे कॉलेजातला अपवाद, ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राने ‘अपारंपरिक’ विद्यार्थी ओळखायच्या सात खुणा ठरवल्या आहेत: शाळा संपल्यावर लगेच कॉलेजात न जाणं, अर्धवेळ शिकणं, पूर्णवेळ नोकरी करणं, पैशांसाठी आईवडिलांवर अवलंबून नसणं, स्वतःवर कोणी अवलंबून असणं, एकल पालक असणं आणि शाळेचा नेहमीचा दाखला नसणं. २०११-१२ मध्ये पदवीपूर्व शिक्षण घेणाऱ्या सुमारे ७४ टक्के विद्यार्थ्यांत यातली निदान एक खूण होती. पाचातला साधारण एक विद्यार्थी स्वतः आई किंवा बाप असतो.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, ४७ वर्षांच्या एक बाई आहेत. वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात मदतनीस म्हणून त्यांनी वीसेक वर्षं काम केलं आहे. घरात दोन मुलं आहेत, एक नुकतीच पदवीधर झालेली आणि एक शाळेत. आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून आता त्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकताहेत. गुण उत्तम आहेत. मॅकनेअरची जाहिरात त्या वाचतात आणि मनातल्या मनात स्वतःला बाद करतात: माझी तर मुलगीच पदवीधर आहे, मी कसली घरातली पहिली? आणि माझा पगार ५२ हजार डॉलर, मी कसली गरीब?

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ‘पहिली पिढी’ ठरवताना बघतात ते विद्यार्थ्याच्या आईवडिलांकडे. त्यांच्याकडे बॅचलर्स पदवी नसेल तर झालं. नवरा किंवा मुलं किती शिकली याचा त्याच्याशी संबंध नाही. उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १५० टक्के इतकी आहे. २०२५ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे तिघांच्या कुटुंबासाठी ती ३९,९७५ डॉलर होते. पण मोजायचं असतं ते करपात्र उत्पन्न. मुलांना एकट्याने सांभाळणाऱ्या करदात्याला २०२४ साठी २१,९०० डॉलरची सरसकट वजावट होती. ५२ हजारांतून ती वजा केली की उरतात ३०,१००. या बाई आरामात बसतात.

हे गणित कार्यक्रमाच्या जाहिरातीतच एका ओळीत मांडलं, तर स्वतःहून मागे फिरणारे कितीतरी जण निदान चौकशी करायला येतील. मोठ्या वयाच्या माणसाला नकाराची सवय झालेली असते. तो दार ठोठावण्याआधीच उत्तर गृहीत धरतो.

उन्हाळ्याचा हिशेब

घोडं पेंड खातं ते इथे. या कार्यक्रमांचा गाभा म्हणजे उन्हाळ्यातलं संशोधन. आठ-दहा आठवडे विद्यार्थी प्राध्यापकाबरोबर पूर्णवेळ काम करतो आणि शेवटी पोस्टर किंवा निबंध सादर करतो. मॅकनेअरच्या कायद्यात यासाठी वर्षाला जास्तीत जास्त २,८०० डॉलर मानधनाची तरतूद आहे. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. त्या दराने आठवड्याला ४० तास, असे दहा आठवडे काम केलं तर २,९०० डॉलर होतात. म्हणजे दहा आठवड्यांच्या संशोधनाचं कमाल मानधन देशातल्या सर्वांत कमी कायदेशीर मजुरीपेक्षाही कमी भरतं. वीस वर्षांच्या मुलाला घरून थोडी मदत मिळाली तर तो उन्हाळा निभावून नेतो. आमच्या उदाहरणातल्या बाईंचा दहा आठवड्यांचा पगार १०,००० डॉलर आहे. संशोधनासाठी बिनपगारी रजा घ्यायची म्हणजे सात हजारांहून अधिक डॉलरची पदरमोड.

तोच कायदा मानधनाशिवाय उन्हाळी शिकवणीची फी, राहण्या-जेवणाचा खर्च आणि प्रवासखर्च द्यायची मुभा देतो. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवणाचा मोठा आधार होतो. ज्यांच्या डोक्यावर स्वतःच्या घराचं भाडं आहे आणि घरात शाळकरी मूल आहे, त्यांना वसतिगृहातली खोली देऊन काय उपयोग? आणि मुलाला सांभाळण्याच्या खर्चाचं तर त्या यादीत नावच नाही.

मग करायचं काय? पहिला उपाय म्हणजे काम पसरवणं. दहा आठवड्यांत कोंबलेलं संशोधन जानेवारी ते ऑगस्ट असं आठवड्याला बारा-पंधरा तासांनी करता येतं. मुलाखती घेणं, आधीच गोळा झालेल्या माहितीचं विश्लेषण, संदर्भवाचन या कामांना प्रयोगशाळेतली रोजची हजेरी लागत नाही. पेशींचं संवर्धन करायचं असेल तर गोष्ट वेगळी, ते शनिवार-रविवार बघत नाही. म्हणून विषय ठरवतानाच वेळेचा विचार व्हायला हवा. दुसरा उपाय विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशातून मानधनात भर घालण्याचा. केंद्राच्या अनुदानाला मर्यादा आहे, पण देणगीदारांचा निधी किंवा विभागाची संशोधन-सहायकाची जागा यांतून ती फट बुजवता येते. संचालकाने त्यासाठी भांडायला हवं.

तिसरा उपाय आर्थिक साहाय्य कार्यालयात आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ ‘शिक्षणाचा एकूण खर्च’ ठरवतं, आणि केंद्राचं साहाय्य मिळणाऱ्या विद्यार्थ्याची सगळी मदत मिळून त्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. मानधन मिळालं म्हणून दुसरीकडची मदत कापली जाते ती यामुळे. पण विद्यार्थ्याने मागणी केली तर मुलांच्या किंवा घरातल्या परावलंबी माणसाच्या सांभाळाचा खर्च त्या आकड्यात धरता येतो. मर्यादाच वर सरकते. नोकरी सुटून उत्पन्न घटलं असेल, तर साहाय्य अधिकारी स्वतःच्या अधिकारात नवं उत्पन्न विचारात घेऊ शकतो. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थी-पालकांना पाळणाघराचा खर्च परवडावा म्हणून केंद्राची वेगळी योजनाही आहे, पण ती अनुदान मिळालेल्या कॉलेजांतच चालते. ती आपल्याकडे आहे का, हे कार्यक्रमाच्या कर्मचाऱ्यांना पाठ असावं.

आणखी एक खड्डा आहे. पेल ग्रँट ही केंद्राची मोठी, परत न करायची मदत. २०२५-२६ मध्ये तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे. पण आयुष्यभरात ती बारा पूर्ण सत्रांपुरतीच मिळते. कोणी विशीत चार सत्रं शिकून कॉलेज सोडलं असेल आणि तेव्हा पेल घेतली असेल, तर ती चार सत्रं आजही मोजली जातात. कार्यक्रमात घेतल्याबरोबर पहिल्या आठवड्यात हा शिल्लक हिशेब काढावा. शेवटच्या सत्रात पेल संपल्याचं कळलं तर सगळी तयारी तिथेच अडते.

डोकं चालतं का, हा प्रश्न

तो प्रौढ विद्यार्थ्यांच्या मनात असतोच, म्हणून उत्तर देऊन टाकतो. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी बुद्धीचे दोन भाग मांडले. नवं कोडं झटपट सोडवण्याची क्षमता तरुणपणीच शिखर गाठून हळूहळू उतरते. साठवलेलं ज्ञान, शब्दसंपत्ती, जाण मात्र वयाबरोबर बराच काळ वाढत राहते. सिअ‍ॅटलमध्ये १९५६ पासून चाललेल्या एका दीर्घ अभ्यासात असं दिसलं की बहुतेक मानसिक क्षमतांची ठळक घसरण साठीच्या आधी होत नाही. संख्याशास्त्राची नवी संगणकप्रणाली शिकायला थोडा जास्त वेळ लागेल, तो द्यावा. पंचवीस वर्षांपूर्वीचं बीजगणित विसरलं असेल तर संशोधन सुरू व्हायच्या आधीच्या सत्रात उजळणीचा वर्ग ठेवावा आणि त्यात सर्व वयाचे बसवावेत. फक्त ‘मोठ्यांसाठी’ वेगळा वर्ग काढला की तो कमीपणाचा वाटतो.

अनुभवाचा प्रश्न होतो तेव्हा

या वयाच्या विद्यार्थ्याची खरी पुंजी म्हणजे त्याने पाहिलेलं जग. पण ती आपोआप संशोधन होत नाही, आणि इथे मेंटॉरचं, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाचं, कसब लागतं.

आपल्या उदाहरणातल्या बाईंना एक गोष्ट कायम दिसत आलेली आहे. शुश्रूषा केंद्रातले बरेच वृद्ध संध्याकाळनंतर पाणी नको म्हणतात. कारण रात्री बाथरूमला न्यायला मदतनीस मिळेल की नाही, याची त्यांना खात्री नसते. त्यापेक्षा तहान परवडली. ही गोष्ट कोणत्याही विशीतल्या विद्यार्थ्याला सुचणार नाही, कारण त्याने रात्रपाळी केलेली नाही. बाई मात्र ती निबंधात लिहीत नाहीत. त्या लिहितात, ‘मला वृद्धांच्या सेवेची आवड आहे.’ चांगला मेंटॉर त्या वाक्यावर थांबतो आणि विचारतो, काल पाळीवर काय झालं ते सांगा. तासाभराच्या गप्पांतून प्रश्न उभा राहतो: रात्रपाळीतल्या मदतनिसांची संख्या आणि रहिवासी संध्याकाळी किती पाणी घेतात, यांचा काही संबंध आहे का? आता याला मोजता येईल. याआधी वृद्धांतल्या निर्जलीकरणावर कोणी काय लिहिलं आहे ते शोधता येईल.

पुढची पायरी अवघड आहे. बाईंना उत्तर माहीत आहे, असं त्यांना वाटतं. वीस वर्षांच्या खात्रीला हात लावणं नाजूक काम असतं. ‘तुमचं म्हणणं चुकीचं असेल तर आपल्याला काय दिसायला हवं?’ हा प्रश्न मेंटॉरने लवकर विचारावा. कदाचित औषधांमुळे तहान कमी लागत असेल. कदाचित माणसं पुरेशी असलेल्या केंद्रातही तेच घडत असेल. अनुभवाचा मान राखूनही अशी शक्यता मांडता येते, आणि हे जमलं की विद्यार्थी संशोधक व्हायला लागतो. मला या सगळ्या तयारीतला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो.

मग येते विद्यापीठाची नैतिकता समिती. माणसांवरच्या संशोधनाला तिची परवानगी लागते. स्वतःच्याच केंद्रात अभ्यास करायचा म्हटलं तर समिती हरकत घेऊ शकते, आणि ती रास्त आहे: जी मदतनीस आपल्याला रोज उठवते-बसवते, तिला नाही म्हणणं रहिवाशांना जड जाईल. सहकाऱ्यांवरही दडपण येईल. त्यामुळे दुसरं केंद्र निवडावं लागतं किंवा नाव-गाव काढून टाकलेल्या नोंदींवर काम करावं लागतं. हे आधीच सांगितलं तर ठीक. मे महिन्यात कळलं तर उन्हाळा वाया जातो.

मेंटॉर वयाने लहान असतो

चौतीस वर्षांचा साहाय्यक प्राध्यापक आणि सत्तेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी, ही जोडी अगदी शक्य आहे. अमेरिकेत एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात म्हणून अवघडलेपण संपत नाही. काही प्राध्यापक संकोचाने कच्च्या मसुद्यावर लाल रेघ मारत नाहीत, आणि मग विद्यार्थ्याला खरी प्रतिक्रिया थेट प्रवेश नाकारला गेल्यावर मिळते. काही जण मोठी बाई म्हणून कामाची व्यवस्था तिच्यावर सोपवतात: विद्यार्थ्यांना फोन कर, खोली आरक्षित कर. ती संशोधनापासून दूर आणि कारकुनीच्या जवळ जाते. गटातल्या तरुण विद्यार्थ्यांतही ती सगळ्यांची आई होऊन बसण्याचा धोका असतो.

याला साधा उपाय म्हणजे सुरुवातीलाच एक पानभर लेखी ठराव. कधी भेटायचं, मसुदा दिल्यावर किती दिवसांत शेरे मिळतील, पोस्टरवर कोणाचं नाव कुठे येईल, आणि अचानक जादा पाळी लागली किंवा मूल आजारी पडलं तर निरोप कसा द्यायचा. शेवटचं कलम सर्वांत कामाचं. बैठका संध्याकाळी सातला ऑनलाइन घेतल्या, तर कितीतरी तक्रारी उद्भवतच नाहीत. शिवाय या वाटेने आधी गेलेला, वयाने जवळचा एखादा माजी विद्यार्थी गाठून द्यावा.

अर्जाच्या वेळी

जुनी गुणपत्रकं हा दुखरा विषय. अनेक विद्यापीठं जुने वाईट गुण सरासरीतून वगळण्याची सवलत देतात. पण आर्थिक साहाय्यासाठी प्रगती मोजताना जुने प्रयत्नही धरतात, आणि पीएचडीच्या अर्जात आजवरच्या प्रत्येक कॉलेजचं गुणपत्रक मागितलं जातं. एकोणीसाव्या वर्षी तीन विषयांत नापास झालेलं तिथे दिसणारच. त्याचं स्पष्टीकरण दोन-तीन वाक्यांत द्यावं: काय घडलं, पुढे काय बदललं, आत्ताचे गुण काय. पानभर कैफियत नको. एखाद्या जुन्या कॉलेजची बाकी राहिली असेल आणि गुणपत्रक अडकलं असेल, तर ते वर्षभर आधी शोधून काढावं.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. संध्याकाळचे आणि ऑनलाइन वर्ग घेणारे प्राध्यापक बरेचदा तात्पुरते असतात, पुढच्या वर्षी भेटतीलच असं नाही. म्हणून वर्ग संपता संपताच विचारून ठेवावं. नोकरीतल्या वरिष्ठाचं एक पत्र चालून जातं, पण निदान दोन पत्रं संशोधन पाहिलेल्या माणसांची हवीत. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा अनेक विभागांनी बंद केली आहे. जिथे लागते तिथे तिचे गुण पाच वर्षं चालतात.

एक गोष्ट मोठ्याने सांगायला हवी, कारण कितीतरी प्रौढ विद्यार्थी पैशांच्या भीतीने इथेच थांबतात. अमेरिकेत पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्यांची फी बहुतेकदा माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं वेतन मिळतं, विज्ञानात तर सर्रास. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची पदव्युत्तर शिष्यवृत्ती तीन वर्षं वर्षाला ३७,००० डॉलर देते आणि तिलाही वयाची अट नाही. वयाबद्दल म्हणाल तर देशात पीएचडी मिळवणाऱ्यांचं मध्यम वय सुमारे ३१ आहे, शिक्षणशास्त्रात ते तिशीच्या अखेरीस जातं. ४९ व्या वर्षी सुरू करून ५५ व्या वर्षी पदवी घेतली, तरी ‘सामाजिक सुरक्षा’ या सरकारी योजनेतल्या पूर्ण निवृत्तिवेतनाच्या ६७ या वयापर्यंत बारा वर्षं हातात राहतात.

मेंटॉर तरुण विद्यार्थ्याला देशभरातले दहा विभाग सुचवतो, तसं इथे चालत नाही. मुलाची शाळा, आजारी वडील, जोडीदाराची नोकरी यांमुळे कधी गाडीने जाण्याच्या अंतरातले दोनच विभाग उरतात. मग त्या दोन्हींची तयारी वर्षभर आधी करावी. तिथल्या प्राध्यापकांना लिहावं, त्यांच्या व्याख्यानांना जाऊन बसावं. अंतरात एकही योग्य पीएचडी नसेल तर सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स किंवा नोकरी सांभाळून करता येणारी व्यावसायिक डॉक्टरेट यांचा विचार करायला लाजू नये. कार्यक्रमाच्या अहवालात ‘पीएचडीला गेलेले’ हा आकडा छान दिसतो म्हणून कोणाला चुकीच्या शहरात पाठवणं मला तरी पटत नाही.

विभागाला भेट द्यायला गेल्यावर विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत. आर्थिक हमी किती वर्षांची आहे आणि उन्हाळ्याचे महिने त्यात धरले आहेत का? आरोग्यविम्यात मुलं येतात का, आणि त्यांचा हप्ता किती? घरातल्या आजारपणासाठी एक सत्र सुटी घेतली तर जागा आणि वेतन टिकतं का? शिकवण्याच्या कामाच्या वेळा कोण ठरवतं? आणि दुपारच्या कार्यक्रमात ज्या विद्यार्थ्यांशी गाठ घालून देतात त्यांच्याखेरीज, मुलंबाळं असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी वीस मिनिटं एकट्याने बोलू द्या, असं आधीच कळवून ठेवावं.